काळ्या प्लेटवरचे डोळे

नाव: कागदोपत्रीचं हवालदारांनी वहीत घेतलं आहे, छापखान्यात आणि गल्लीत मला शाईमावशी म्हणतात. वय: ५१. धंदा: छपाईच्या मशीनवर काम. पत्ता: छापखान्यामागची गल्ली, वरचा मजला.

समक्ष हजर राहून सांगते की, आधी या बाकाची तक्रार नोंदवावी. सकाळी दहापासून मी यावर बसले आहे. याचा एक पाय आखूड आहे आणि मी जरा हलले की तो साऱ्या ठाण्याला कळवतो. आज मला स्वस्थ बसवत नाही, त्यामुळे बरंच कळवून झालं. हवालदार म्हणाले, बाकाचा गुन्ह्याशी संबंध नाही. बरं.

आमच्याकडे भिंतीवर लावायच्या देवादिकांच्या तसबिरी छापतात. सर्वांत जास्त खपते ती देवीमातेची. चित्राचं काम माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. मातेचे डोळे काढायच्या दिवशी त्या काम होईपर्यंत पाणीही घेत नाहीत. मी त्यातली नाही, मी शाई बघते. चित्र चार प्लेटांवर निघतं: पिवळी, लाल, निळी, शेवटी काळी. डोळे, भुवया, ओठांची रेघ काळीवर. ती बसेपर्यंत माता कावीळ झाल्यासारखी दिसते.

गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंच्या पक्षाचा माणूस दहा हजार प्रतींची ऑर्डर घेऊन आला. निवडणूक जवळ होती. मातेचा चेहरा बाईंसारखा करा म्हणाला. "फार नको. बघणाऱ्याला नुसतं वाटलं पाहिजे." मालकांनी कागद जाड घेऊ का, एवढंच विचारलं. जाऊबाई नाही म्हणाल्या, तेव्हा उद्यापासून घरी बसा म्हणाले. मग जाऊबाईंनी चारही प्लेटांचं काम पुरं करून दिलं. त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "डोळेसुद्धा बाईंचेच काढले गं. आता मातेकडे बघू कशी?" मी म्हटलं, भिंतीवर कॅलेंडरही आहे, त्याच्याकडे बघा. त्या हसल्या नाहीत.

मंगळवारी साडेदहाला मी पिवळी, लाल, निळी नवी चढवली. काळी मात्र मातेच्या नेहमीच्या तसबिरीची, जुनी चढवली. गाल अध्यक्षबाईंचे, डोळे मातेचे. न विचारता दुसरीचा चेहरा आपल्यावर चढवला तर कोणतीही बाई जशी बघेल, तशी ती बघत होती. मालकांनी कागदाची जाडी चिमटीत धरून तपासली. चेहरा तपासला नाही. गठ्ठे त्याच दिवशी गेले.

रविवारी सभेत काय झालं ते तक्रारीत आहेच. बायका तसबिरी उंच धरून अध्यक्षबाईंच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. माता तुमच्यावर का रागावली, असं विचारू लागल्या. मग कारणंही त्यांनीच सांगितली. पहिलं कोरड्या नळाचं होतं. यादी लांबली असं ऐकते.

काल विटंबनेच्या आरोपावरून जाऊबाईंना इथे आणलं. शेजारच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू येतो आहे. त्यांनी केलेली नवी काळी प्लेट मालकांच्या कपाटात आहे. तिला शाई लागलेली नाही, पंचांसमोर पाहावी. त्यांनी सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलं. पुढचं मी केलं, त्यांना न विचारता.

हवालदारांनी विचारलं, तुम्हाला बोलावलं नव्हतं, मग आलात कशाला. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून सासूबाईंचा आरसा फुटला होता. जाऊबाई पुढे होऊन म्हणाल्या, माझ्या हातून. वर्षभर बोलणी त्यांनी खाल्ली आणि मला एकदाही ऐकवलं नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात हवालदारांनी दयेपोटी 'चुकून' असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. बाकी सगळं मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही केली. जाऊबाईंना आता घरी सोडावं.