कडी आतून

काकू – खोली बघितलीत, न्हाणीघर बघितलंत, नळ सोडून पाण्याची धारसुद्धा बघितलीत. आता माझा एकच प्रश्न. ह्यांनी केलंय काय?

मॅडम – ते मी सांगत नाही, काकू.

काकू – वा! तुरुंगातून आलेला माणूस माझ्या माडीवर ठेवायचा आणि मलाच सांगायचं नाही?

मॅडम – मी सांगत नाही, एवढंच म्हटलं. ते समोर बसलेत, त्यांना विचारा. सुटलेल्यांची सोय लावणाऱ्या आमच्या ऑफिसची पद्धतच आहे, ज्याचं त्यानं सांगायचं. मी सांगायला लागले तर साखर लावून सांगेन.

सुतार – सांगतो ना. कारखान्यात सुतारकाम करायचो. मुकादमाशी वाजलं. त्यानं आईवरून शिवी दिली. माझ्या हातात हातोडा होता, फेकला. डोक्यात बसला. माणूस गेला.

काकू – मुद्दाम फेकलात?

सुतार – हो. मारायचं म्हणूनच फेकला. तो मरावा असं नव्हतं मनात, पण ते आता कुणाला सांगू? अकरा वर्षं आत काढली. उरलेली बाहेर काढायची, सरकारच्या अटींवर.

काकू – लपवलं नाहीत, हे बरं केलंत. पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच.

मॅडम – यायलाच हवा. आला नसता तर मला तुमचीच काळजी वाटली असती.

काकू – दुसरं घर नाही का बघितलंत कुठे?

मॅडम – सतरा बघितली. कुणी दारातूनच परत पाठवलं, कुणी आधी चहा पाजून मग पाठवलं. निवाऱ्यातली ह्यांची खाट आज सोडायची आहे. पाचच्या आत कागदावर पत्ता लागला नाही, तर हे परत आत.

काकू – आणि आत्ता वाजले किती?

मॅडम – पावणेतीन. म्हणजे घाई नाही, पण लोळायलाही वेळ नाही.

काकू – भारीच आहात हो तुम्ही. बरं, ऐका. देते खोली. पण एक अट. ह्या दाराला बाहेरून कडी आहे ना, ती मी रात्री नऊला लावणार आणि सकाळी सहाला काढणार. मी एकटी बाई, खाली झोपते.

सुतार – चालेल, काकू.

काकू – बघा, लगेच तयार झाले.

सुतार – त्यात काय, मला सवय आहे. उलट बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला की झोप बरी लागते. निवाऱ्यात महिनाभर डोळ्याला डोळा नाही.

मॅडम – जमणार नाही.

सुतार – मॅडम!

मॅडम – फॉर्मवर चौथा रकाना आहे. दाराची कडी कुणाच्या हातात? तिथे तुमचं नाव हवं. काकूंचं आलं तर मी सही करत नाही.

सुतार – पाया पडतो तुमच्या. सतरा घरं पालथी घातल्यावर कुणीतरी हो म्हणतंय आणि तुम्ही कडीवर अडून बसलात! पाच वाजता परत कुणाला जायचंय, मला की तुम्हाला?

मॅडम – तुम्हालाच. पण इथे कोंडून राहिलात तर बाहेर आलात कुठे? तिथे शिपाई कडी लावायचा, इथे काकू लावतील. आणि रात्री पोटात दुखलं, आग लागली, तर काय करणार?

सुतार – दार बडवीन.

मॅडम – आणि काकूंना जाग नाही आली तर?

काकू – मला जाग येते. ह्या दाराचा आवाज आला की येतेच.

मॅडम – काकू, ही कडी बाहेरून बसवली कुणी?

काकू – मी. आमचे हे सगळं विसरायला लागले होते. रात्री उठून रस्त्यानं चालू लागायचे. एकदा पहाटे पुलावर सापडले. मग मी त्यांना इथे वर झोपवायला लागले आणि कडी घालायला लागले. दीड वर्ष, ते जाईपर्यंत.

मॅडम – तुमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

काकू – सुरुवातीला फार बडवायचे. मी जिन्यात बसून रडायचे, पण उघडायचे नाही. नंतर बडवायचे थांबले. मी म्हटलं, चला, झाली सवय. आणि चक्क बरं वाटलं हो मला! आत्ता हे 'सवय आहे' म्हणाले ना, तसं काळजात चर्र झालं माझ्या.

सुतार – काकू, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच–

काकू – मला समजावत बसू नकोस. सुतार आहेस ना? त्या कपाटाच्या खणात पेचकस आहे. काढ ती कडी.

सुतार – काढून कुठे ठेवू?

काकू – ठेवायची कशाला? आतून लाव.

मॅडम – आणि पोटातला गोळा?

काकू – तो आहेच की. माझ्या खोलीला खाली आतून कडी आहे, ती मी लावीन. वरची हा लावेल. आणा तो तुमचा फॉर्म. चौथा रकाना आधी भरा, मग माझी सही.

सुतार – स्क्रू पार गंजलेत, काकू. पण चौकट सागवानी आहे, अजून शंभर वर्षं हलणार नाही. बाहेरची भोकं उद्या बुजवून देतो.

काकू – उद्याचं उद्या. आधी नीट लागते का ते बघ.

(दार बंद होतं. आतून कडी सरकल्याचा आवाज. दार बंदच राहतं.)

काकू – लागली ना?

मॅडम – लागली.

काकू – मग उघडत का नाही हा? वाजवू का?

मॅडम – कागद पोचवायला अर्धा तास पुरे. अजून वेळ आहे आपल्याकडे.

काकू – मग राहू दे. चला खाली, चहा टाकते. उघडेल त्याचा तो.