मी फक्त पंखा लावला

...नाही नाही, आधी ऐकून तर घ्या! मी काय केलं होतं? फक्त पंखा लावला हो, पंखा! हा एवढासा, टेबलावरचा, कॉम्प्युटरच्या मागे वायर खोचली की भुर्र सुरू होतो ना, तो. आता मागची भोकं सगळी भरलेली... माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, कॅमेरा... आणि एका भोकात नखाएवढं काळं बोंडूक. ना वायर, ना दिवा. म्हटलं, धूळ जाऊ नये म्हणून कुणीतरी बूच मारलंय! काढलं, खिशात टाकलं, पंखा लावला. काय गार वारा आला म्हणून सांगू!

आणि चार वाजता सासूबाईंची हाक. "जावईबापू, ताई दिसत नाहीये हो!"

तुम्हाला सांगतो, सासूबाई आमच्याकडेच असतात आणि दर रविवारी चारला कॉम्प्युटरवर बहिणीशी बोलतात. मोबाइलवर त्यांना चेहरा नीट दिसत नाही. त्यात दुसऱ्या दिवशी मावशींचं ऑपरेशन!

मी गेलो ना रुबाबात. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. बायको म्हणाली, "अहो, माझ्या मोबाइलवर नेट येतंय, राउटरला कशाला छळताय?" म्हटलं, "तू थांब गं!" पडद्यावर आलं, वायरलेस अडॅप्टर सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय, रुसून माहेरी गेला? ड्रायव्हर काढला, परत टाकला, पडद्याला दोन चापट्या दिल्या... आणि पंखा आपला माझ्या तोंडावर भुर्र!

मग माझी जीभ घसरली. "आई, सकाळी यावर पत्ते कोण खेळत होतं? कितीदा सांगितलं, दिसेल ते बटण दाबू नका!"

त्यांनी माऊसवरचा हात चटकन मागे घेतला हो. "माझ्याच हातून काहीतरी झालं असणार," म्हणाल्या. एवढंच. पंखा असून मला घाम फुटला, खिशातून रुमाल काढला... आणि रुमालाबरोबर ते बोंडूक हातात! त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलेलं? वायरलेस अडॅप्टर!

मी ओरडलो, "सगळे बाहेर व्हा! नाजूक काम आहे!" पंखा उपटला, बोंडूक खोचलं, मावशी हजर. "काय गं, किती उशीर!" आणि सासूबाई काय सांगतात? "अगं, मी बिघडवलं आणि यांनी नीट केलं. जावई म्हणजे हिरा आहे हिरा!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! तोंड उघडलं, 'आई, मीच...' म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "दमलात हो, चहा टाकते." आणि मी तो प्यायलो! आलं घातलेला! लाज कशी ती नाहीच!

मावशी ठणठणीत आहेत. पण सासूबाई आता माऊसला बोट लावत नाहीत. मी फक्त पंखा लावला हो, आणि त्या बाईचा हातच काढून घेतला! शेजारी बसतात, हात मांडीवर, आणि मला सांगतात, "लाल नव्वी काळ्या दश्शीवर ठेवा, बापू." मी ठेवतो. चुकलो तर म्हणतात, "असू दे, होतं माणसाच्या हातून." कापतात हो आतून असले शब्द! रोज ठरवतो, हा डाव संपला की खरं सांगून टाकायचं. डाव संपतो, मी घसा खाकरतो आणि त्या म्हणतात, "अजून एक लावा ना!"

लावतो. घामाघूम होऊन लावतो... पंखा? पंखा आता कुठे खोचू!