उतरत्या बाजाराची वाट

(नगर, १९९६चा ऑगस्ट. कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार प्रशांत आणि घोडेगावचे गुरांचे दलाल गनीभाई. बाहेर रस्त्यावर गनीभाईंचा टेम्पो उभा. त्यात त्यांचा मुलगा फैयाज बसलेला.)

गनीभाई : म्हंजी दिवाळीपस्तोर थांबलो तर ह्योच लॅपटॉप पाऊण किमतीत मिळल, असं म्हन्तोस तू.

प्रशांत : पाऊणच्याही खाली, चाचा. तोवर पेंटियमवाले येतील आणि हा ४८६ जुना ठरेल. तुम्ही आमच्या आण्णांचे दोस्त, तुम्हाला खोटं कसं सांगू? अडीच-तीन महिने कळ काढा.

गनीभाई : अन् म्या म्हनलं, आज बांधून दे?

प्रशांत : तर मी म्हणेन, हे गनीचाचा नव्हेत. आण्णा अजून सांगतात, एका गाईसाठी तुम्ही त्यांना तीन बाजार थांबवलं होतं.

गनीभाई : गाय चांगली निघाली का न्हाई? तुझ्या आण्णालाच इचार. आरं, उन्हं कलली की भाव कलतो. सकाळी छाती काढून बोलनारा गडी सांजच्याला म्हन्तो, घिऊन जा बाबा, आता हिला परत कुठं चालवत नेऊ. सगळं जग म्हन्तं थांबला तो संपला. म्या म्हन्तो, थांबला त्यानं कमावलं. तीस वर्सं त्याच्यावर घर चाललं माझं.

प्रशांत : मग आत्ताच काय झालं?

गनीभाई : आता थांबता येत न्हाई.

प्रशांत : चाचा, पैशाची काही...

गनीभाई : पैसे हायेत. फैयाजच्या इलाजाला ठेवले हुते. पुन्याचा डॉक्टर म्हनला, आता औषधाला घालू नका, पोराला हौसेचं कायतरी घ्या. डॉक्टर असं बोलला की बापानं समजायचं ते समजून घ्यावं.

प्रशांत : मला वाटत होतं, आजार पायांवर थांबलाय.

गनीभाई : फैयाजलाबी तसंच वाटतं. आठवीत पाय गेले, तवापासून त्यानं मनाशी धरलंय, हात आपले हायेत. डॉक्टरनी त्याला भाईर बसवला अन् मला आत घेतलं. म्हनला, हातातली ताकद चालली. वर्सभर राहील, सहा म्हैने राहील, न्हाईतर दिवाळीबी गाठायची न्हाई. त्याच्या पुढचं म्या इचारलंच न्हाई.

प्रशांत : डॉक्टरांचे अंदाज चुकतात कधी कधी.

गनीभाई : म्याबी तसंच म्हनलं हुतं. पर मग रुमालाखाली कळलं.

प्रशांत : रुमालाखाली?

गनीभाई : बाजारात आमी भाव तोंडानं करत न्हाई. रुमालाखाली हातात हात घालायचा अन् बोटं धरायची, बाजूच्याला कळू नये म्हनून. फैयाज पाच वर्साचा हुता तवाच शिकवलं त्याला. आजून रोज सांजच्याला खेळतो आमी. तो खाटंवरून बैल इकतो, म्या घेतो. मागल्या म्हैन्यात त्यानं चार बोटं धरली. मला तीनच लागली. म्या तीन म्हनलं. तर हसाया लागला. म्हनला, अब्बा, घरच्या घरी भाव पाडताय व्हय? म्या म्हनलं, व्हय. अन् भाईर जाऊन टेम्पोच्या चाकापाशी बसून रडलो. त्याच्या अम्मीलाबी सांगितलं न्हाई हे.

प्रशांत : बसा, चाचा. पाणी घ्या थोडं.

गनीभाई : पानी नगं. माझं ऐक नीट. तुझी ती कॉम्प्युटरची मासिकं वाचून वाचून फैयाजच म्हन्तो, थांबू. म्या आज घाई केली तर एका दमात वळखील. म्हनल, माझा बाप पहिल्या बोलीला घेतोय, म्हंजी आपल्याकडं येळ न्हाई. हे त्याला माझ्या तोंडानं कळाया नगं. म्हनून तूच सांग, दिवाळीत भाव चढनार हायेत.

प्रशांत : त्याला सांगू? तो माझ्याच चुका काढतो. घरी मशीन नाही, तर वहीत प्रोग्राम लिहितो आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर वही पाठवतो. मी इथं चालवून बघतो, दहातले नऊ पहिल्या झटक्यात चालतात. मागं एक पाठवला होता, बैलाचे दात, शिंगं, चाल, सगळं भरलं की किंमत सांगणारा. उत्तरं दोन यायची. एक खरा भाव आणि एक गनीभाईंचा भाव.

गनीभाई : मला न्हाई दाखवला.

प्रशांत : मशीन घरी आलं की तुम्हालाच आधी दाखवणार होता.

गनीभाई : मग तर आजच न्यायचं. तू आकडा सांग, म्या निम्म्याला मागतो. भांडतो, उठून चालाया लागतो, तू हाक मार. घंटाभर तरी वढायचं. त्याला वाटलं पायजे, बाप नेहमीसारखाच हाय.

प्रशांत : मला असलं नाटक जमायचं नाही, चाचा.

गनीभाई : मला तेवढंच जमतं. चल, उचल तुझी पेटी. उन्हात बसलाय पोरगा.

प्रशांत : फैयाज, टेम्पोचं दार उघडतोय, सांभाळ. मांडीवर ठेवू?

फैयाज : ठेवा. माझी मांडी कुठं पळून जाणार आहे? अरे, केवढंसं आहे हे. झाकण इथून उघडायचं?

प्रशांत : इथून. थांब, मी उघडतो.

फैयाज : पडदा काळा-पांढरा आहे.

गनीभाई : बैलबी काळा-पांढरा असतोय. काम करतोय ना?

फैयाज : आठ एमबी मेमरी. दिवाळीत याच भावात पेंटियम येईल, अब्बा, रंगीत पडद्याचा. बॅटरी किती चालते, दादा?

प्रशांत : दोन तास. लाइट गेली तरी काम थांबायचं नाही. गादीवर पडून, पोटाशी धरूनसुद्धा चालवता येईल.

गनीभाई : आपल्याकडं लाइट गेली न्हाई असा दिस दाखव मला. ह्यो पायजेच.

फैयाज : पेंटियमवाल्याची बॅटरी तीन तास चालते. थांबू.

गनीभाई : आखूडशिंगी, बहुदुधी, वर लाथ न मारनारी. सगळं एकात पायजे तुला. अन् तुझा तो पेंटियम आजून बाजारात तुरी.

प्रशांत : फैयाज, खरं म्हणजे भाव चढणार आहेत. डॉलर वाढतोय.

फैयाज : डॉलर वाढला तरी कॉम्प्युटरचे भाव पडतातच, दादा. गेल्या महिन्यात वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हीच लिहिलं होतं, 'घाई करू नकोस, दिवाळीपर्यंत थांब.' खाली रेघ मारली होती.

प्रशांत : लिहिलं होतं खरं.

गनीभाई : ते सोड. प्रशांत, आकडा बोल.

प्रशांत : सत्तर.

गनीभाई : सत्तर हजारात म्या बैलांच्या चार जोड्या दावनीला बांधीन. चाळीस.

प्रशांत : नाही परवडत, चाचा. फार तर अडुसष्ट.

गनीभाई : पासष्ट. दिले.

फैयाज : चाळीसवरून एकदम पासष्ट?

गनीभाई : ऊन लई हाय. कोन भांडत बसल.

फैयाज : तुम्ही फिरवून बघितलं नाही. खोड काढली नाही. एकदासुद्धा उठून निघाला नाहीत. कोंबडीची अंडी घेताना तुम्ही याच्यापेक्षा जास्त वेळ घालता, अब्बा.

गनीभाई : मान्सानं एखाद्या दिशी सरळ सौदा करू नये का?

फैयाज : डॉक्टरांनी तुम्हाला आत बोलावून काय सांगितलं?

गनीभाई : कोन डॉक्टर?

प्रशांत : मी जरा चहा सांगून येतो.

फैयाज : थांबा, दादा. तुम्हाला सांगितलंय त्यांनी. मघाशी बाहेर आलात तेव्हाच तुमच्या तोंडावर दिसलं. माझा शेवटचा प्रोग्राम किती ओळींचा होता?

प्रशांत : चाळीस असतील.

फैयाज : त्याला अकरा दिवस लागले मला. असला प्रोग्राम मी एका दुपारी उरकायचो. पेन्सिल बोटांत राहत नाही. अम्मीला म्हटलं, पेन्सिलच गुळगुळीत आहे. तिनं तिला सुतळी गुंडाळून दिली. तरी सुटते. मला काय कळत नव्हतं होय?

प्रशांत : अक्षर बदललेलं मी बघितलं होतं. वाटलं, घाईत लिहिलं असशील.

फैयाज : घाईत नव्हतो.

गनीभाई : एवढं ठावं हुतं तर थांबू थांबू कशाला करत हुतास, येड्या? म्हैना झाला, रोज तेच. थांबू अब्बा, थांबू अब्बा.

फैयाज : थांबायला काहीतरी लागतं, अब्बा. मासिक आलं की मी आधी ते पान काढतो, पुढं काय येणार आहे ते. दिवाळीला पेंटियम. पुढल्या वर्षी त्याच्याहून भारी. जोवर मी वाट बघतोय तोवर पुढल्या वर्षी मी आहेच. आज घेतलं की माझं शेवटचं मॉडेल हेच. यानंतर मला नवं काही यायचं नाही.

गनीभाई : असं वंगाळ बोलू नगं.

फैयाज : तुम्हीच म्हणता ना, जनावराची खोड आधी सांगून टाकावी.

गनीभाई : ते जनावराचं हाय. तू माझं पोरगं हाईस. ऐक, बेटा. म्या जन्मभर थांबलो, कारन पुढला बाजार भरनार ही खात्री हुती. आज ती न्हाई. मला भ्या वाटतं. डॉक्टर बोलला तवापासून भाकर उतरत न्हाई. दिवाळीत तुझं ते भारी यंत्र आलं अन् तुझा हात त्याच्यावर पडलाच न्हाई, तर त्याचं म्या काय करू? घोडेगावच्या बाजारात उभं करू?

फैयाज : रडू नका. लोक बघतात.

गनीभाई : बघू दे. लोकांनी मला हसतानाच बघितलंय.

फैयाज : अम्मीला माहिती आहे?

गनीभाई : न्हाई.

फैयाज : तिला मी सांगतो. तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही भलतीकडूनच सुरू कराल आणि तीच तुमची समजूत घालत बसेल.

गनीभाई : बरं. तू सांग.

प्रशांत : फैयाज, एक बोलू? आज हा घेऊन जा. दिवाळीत पेंटियम आला की मी स्वतः घोडेगावला येतो आणि बदलून देतो. खरं सांगतोय, हे नाटक नाही.

फैयाज : माहिती आहे. तेव्हा लागला तर कळवेन.

प्रशांत : कळव. नक्की कळव.

फैयाज : बटणं मऊ आहेत याची. पेन्सिलीसारखं धरून ठेवावं लागत नाही, नुसतं टेकवलं तरी उमटतं.

गनीभाई : दाबून बघ ना. आपलंच समज.

फैयाज : दादा, एक विचारतो. डॉलरसारखं उत्तर नको. हे एका बोटानं चालतं का?

प्रशांत : चालतं. सावकाश होईल, पण चालतं.

फैयाज : आणि दोन बटणं एकदम दाबायची असली तर?

प्रशांत : त्याची सोय आहे आतमध्ये. एक दाबायचं, सोडायचं, मग दुसरं दाबायचं. मशीन पहिलं लक्षात ठेवतं. मी आत्ताच लावून देतो.

फैयाज : मग घेऊ, अब्बा. आजच घेऊ.