घोड्याच्या घरातलं प्यादं

देवमन : माहा वजीर द्या, जानरावजी.

जानराव : कोनता वजीर? तो त मी कवाच मारला.

देवमन : तोच. तुमच्या मुठीत हाय. माहं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. मले वजीर पाह्यजे.

जानराव : ते घोड्याचं घर हाय बाप्पा. तिथं पोचलं त घोडाच भेटते. चाळीस वर्सं खेळून राहिलो मी अकोल्यात.

देवमन : ते जुन्या नियमात. आज नवे नियम हायेत.

नत्थुजी : दोघंही थांबा. पंच मी आहे. घड्याळ बंद करतो. जानरावजी, घोडा झाला तर?

जानराव : त पुढच्या चालीत याच्यावर मात. सुरवातीपासून माह्या पांढऱ्याचाच जोर हाय.

नत्थुजी : आणि वजीर झाला तर?

देवमन : आत्ताच मात. पांढऱ्या राजाले घर नाही. पाहा तुमी.

नत्थुजी : खरंच, घर नाही.

जानराव : घोडाच होईन म्हनून येऊ देल्लं मी! नाही त हत्तीनं मागंच मारलं असतं.

नत्थुजी : देवमन, जिंकेल तो नागपूरच्या स्पर्धेला जाणार. जानरावजींचे डोळे जात चाललेत रे, पुढच्या वर्षी पट दिसणार नाही त्यांना. घोडा घे, खेळ पुढे चालू दे.

देवमन : म्हंजे हरून जा म्हनता! दोन सालं या क्लबाच्या बाहेरच्या ओट्यावरून डाव पाह्यले मी. आत बस कोनी म्हनलं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली, तरी या सामन्याच्या फारमवर माही जुनीच जात कोनं लिवली? तुमीच, नत्थुजी सर. मी खोडाले लावली. आता हेही जुन्याच नियमानं? नाही घेत मी घोडा.

नत्थुजी : तो विषय इथे नको.

जानराव : नत्थुजी, दारावर नियमाचा कागद कोनं लावला?

नत्थुजी : तुम्हीच. नागपूरला नवे नियम चालतात म्हणून.

जानराव : वाचा.

नत्थुजी : ‘शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं खेळाडू म्हणेल ते होईल.’

जानराव : अक्षर माहंच हाय ना?

नत्थुजी : तुमचंच.

देवमन : जानरावजी, मी...

जानराव : तू बोलू नोको. लई राग येऊन राहिला मले. माहाच मले.

(जानराव मूठ उघडतात.)

जानराव : हा घे वजीर. घोड्याच्या घरात तूच ठेव.