सासऱ्यांचा रोहू, काकाजींचा मृगळ

सासुरवाडीला मासे खायला खुशाल जा, पण तिथं मासा ओळखायच्या भानगडीत पडू नका. लग्नानंतर पहिल्यांदाच मोर्शीला गेलो, तर सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकाजी, मला धरणावर गळ टाकायला घेऊन गेले. दुपारी माझ्याच गळाला चांगला हातभर मासा लागला.

सासरे खूश. "वा जवाईबुवा, रोहू धरला!"

काकाजी म्हणाले, "रोहू कायचा? मृगळ हाये तो."

"पंख पाह्य ना कसे लाल हायेत!"

"पंख सोड, ओठ पाह्य. रोहूचे ओठ जाड रायतात, झालरीवानी. याचे कुठं हायेत?"

"सोताले चष्मा लागला, अन् मले ओठ दाखवून राहिला!"

काकाजी रागारागानं चप्पल घालू लागले. तेवढ्यात सासरे माझ्याकडे वळले. "जवाईबुवा, तुमीच सांगा."

रोहू म्हणावं तर काकाजी रुसणार, मृगळ म्हणावं तर सासरे. वेळ काढायला मी म्हणालो, "याच्या तोंडाले चिखल लागला हाये, धुवून पाहतो."

मासा पाण्यात धरला. त्यानं शेपटी हाणली आणि गेला.

घरी सासूबाई मसाला वाटून बसलेल्या. "काय घावलं?"

"रोहू!" "मृगळ!" दोघं भाऊ एकदमच ओरडले.

सासूबाईंनी रिकामी पिशवी पाहिली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं ताटं आली.

"हे पिठलं हाये," त्या म्हणाल्या. "कोनी झुणका म्हनलं, त उपाशी उठा."