कळशीखालची मुलगी

मी मूळचा पुण्याचाच, नाव इस्माईल, पण पेंटर म्हटल्याशिवाय बिबवेवाडीत माझं घर कोणी दाखवायचं नाही. वडील टांग्यांना रंग द्यायचे, ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. आम्ही भावंडं नऊ, दहाव्याच्या वेळी आई गेली, ते बाळही गेलं. काय सांगू तुम्हाला ताई, एका चादरीखाली पाचजण झोपायचो आणि सकाळी आपापले हातपाय शोधायचो, आता हसू येतं, पण आईला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही, तेही खरंच आहे.

म्हणून कुटुंब नियोजनाच्या भिंती रंगवायचं काम आलं तेव्हा मी ते मनापासून केलं. लाल त्रिकोण, खाली दोन किंवा तीन मुलं पुरेत, आणि बाजूला सुखी कुटुंब. आरोग्य खात्याच्या साहेबांनी दिलेल्या चित्रात मुलं दोनच होती, पण खाली तीन लिहायचं आणि वर दोन काढायची हे मला पटेना, मग त्यांना विचारून बाईच्या कडेवर तिसरं काढायला लागलो. सदाशिव पेठेत असाच रंगवत होतो, तर एक आजोबा पिशवी घेऊन उभे राहिले, सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, अहो पेंटर, हे जरा आधी लिहायला काय झालं होतं, आमची आठ झाली. मी म्हटलं आजोबा, तेव्हा माझाच जन्म झाला नव्हता. तर म्हणाले, मग तुमचंही चुकलंच.

आमचा मोठा सलीम, मग नसीम. मी आणि बायको जरीना, आम्ही दोघांवर थांबायचं ठरवलं होतं, तरी तिसरी आली, रेहाना. ती झाली त्याच महिन्यात मी जाऊन माझं ऑपरेशन करून घेतलं, जरीनाचं कशाला, तिनं तीनदा सोसलं होतं. दोस्त म्हणाले ताकद जाते, तुला शिडी चढता येणार नाही, आणि थोड्याच दिवसांत मी शिडीवर होतो अन् हे खाली उभे राहून बघत होते. तेव्हापासून कडेवरचं तिसरं काढायचो ते रेहानाचं तोंड, डाव्या गालावरच्या तिळासकट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची भिंत होती, तिथं तर बोलायला लागल्यापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, ही मी.

ती पाचेक वर्षांची असेल, तेव्हा हुकूम आला, आता तीन नाही, दोनच. तीन हा शब्द पुसा आणि तिसरं मूलही पुसा. मूल पुसणं सोपं हो, पण बाईचा हात तसाच वाकलेला राहिला, रिकामा. साहेब म्हणाले हे बरं दिसत नाही, कळशी द्या तिला. झालं, मी भिंतीभिंतीवरच्या बायकांना पितळी कळशा वाटत सुटलो. मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू, काम होतं. दवाखान्याची भिंत मात्र शेवटी ठेवली, आणि तिथल्या कळशीच्या रंगात सरस घातलाच नाही. सरस नसला की रंग धरत नाही, हाताला येतो. का घातला नाही, तेव्हा मला विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी रेहाना शेजारच्या पोरींबरोबर भिंतीपाशी गेली आणि परत आली ती थेट कोपऱ्यात जाऊन बसली. जेवली नाही. जरीनानं फार विचारलं तेव्हा म्हणाली, अब्बांनी मला पुसलं, पोरी म्हणतात मी जास्तीची आहे. जगाला शहाणं करणारा मी, पण तिला काय सांगणार, ती ठरवून आलेली नव्हतीच ना.

सकाळी ओलं फडकं घेतलं, तिला उचललं आणि भिंतीपाशी नेलं. म्हटलं पूस. ती म्हणाली साहेब रागावतील. म्हटलं रागावू दे, पूस तू. तिनं फडकं फिरवलं, पिवळा रंग कोपरापर्यंत ओघळला, आणि खालून आधी तीळ निघाला, मग गाल, मग डोळे. मी म्हटलं, पुसलं नव्हतं बेटा, नुसतं झाकलं होतं. तिनं आधी भिंतीवरच्या तिळाला बोट लावलं, मग स्वतःच्या, आणि म्हणाली, अब्बा, भूक लागली.

साहेब तपासायला आले, त्यांनी भिंत बघितली, रेहानाचे पिवळे हात बघितले. म्हणाले, पेंटर, ही एक राहिली वाटतं. म्हटलं हो साहेब, राहिली. बरं म्हणाले आणि स्कूटर वळवली.

ती भिंत पुढं रस्ता रुंद करताना पडली. सलीम, नसीम आपापल्या ठिकाणी सुखात आहेत, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी रेहानाकडं वाघोलीत, सातव्या मजल्यावर. खाली गाड्याच गाड्या, लिफ्टला रांग, पाणी टँकरनं येतं, जरीना म्हणते तुमच्या भिंती कोणी वाचल्याच नाहीत वाटतं. रेहानानं वाचल्या, तिला एकच मुलगी. घरात रेहानाला अजून आम्ही कळशीच म्हणतो, आणि हाक मारली की ओ देते.

परवा सोसायटीवाले म्हणाले, चाचा, पार्किंगच्या भिंतीवर पाणी जपून वापरा असं लिहून द्या, बाजूला एखादी बाई काढा कळशी घेतलेली. रेहानानं शिडी धरली. एका कडेवर कळशी काढली आणि दुसऱ्या कडेवर, कोणाला न विचारता, एक मुलगी. वय झालं आता, पण तीळ बरोबर जागेवर पडला. अल्लाह तुम्हालाही सुखात ठेवो, ताई, जाताना बघून जा, खालीच आहे.