चार फुटी डिश व तोडलेल्या तीन फांद्यांबाबत

जबाब देणार: काटेवाले (सगळे याच नावाने ओळखतात, कागदोपत्री नाव वेगळ्या पानावर घेतले आहे), वय ६६ वर्षे, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार गल्लीच्या टोकाला, दुकानावरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारले म्हणून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मूलबाळ नाही. शेजारच्या बंगल्यात निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात. त्यांना गल्लीत मोठ्या बाई म्हणतात. आमच्या मध्ये पुरुषभर उंचीची भिंत आहे. इतक्या वर्षांत त्यांचे-माझे कधी वाजलेले नाही.

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास मी शिडीने त्या भिंतीवर चढून त्यांच्या आवारातील झाडाच्या तीन फांद्या करवतीने कापल्या. परवानगी घेतली नव्हती. मोठ्या बाई बँकेत गेल्या होत्या. त्या गेल्याचे पाहूनच मी चढलो, हे लपवत नाही.

कारण विचारले असता सांगतो की, सहा महिन्यांपूर्वी पत्नीला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणे गेले. महिनाभराने ते परत आले ते तिच्या माहेरच्या भाषेत. माझी भाषा ती लग्नानंतर शिकली होती, ती पार पुसली गेली. मी बोललो तरी तिला कळत नाही, नुसती हसते. डॉक्टर म्हणाले, "आधीचं राहिलं, नंतरचं गेलं. परत येईल की नाही, सांगता येत नाही." तिच्या माहेरी आता कोणी उरलेले नाही. मला तिची भाषा येत नाही. अडतीस वर्षांत शिकलो नाही, कारण तिने माझी शिकून माझे काम भागवले होते. ही चूक फांद्यांपेक्षा मोठी आहे, पण तिला कलम नसल्याचे जबाब घेणाऱ्या जमादारांनी सांगितले.

तिच्या भाषेचे एक चॅनल फुकट दिसते असे चौकातल्या डिशवाल्याकडून कळले. त्याने आधी दोन फुटी डिश पुढे केली. म्हणाला, "काका, हीच न्या. महिन्याचं भाडं नाही, काही नाही. नव्वद चॅनल येतात."

मी म्हणालो, "नव्वद नकोत. एकच पाहिजे."

ते चॅनल दुसऱ्या उपग्रहावर निघाले. त्याचा सिग्नल इकडे अगदी क्षीण पोचतो, म्हणून चार फुटी डिश लागेल आणि तिचे तोंड खूप खाली, जवळजवळ समोरच्या छपरांच्या रेषेत ठेवावे लागेल, असे त्याने सांगितले. मग पत्र्याची घ्यायची की जाळीची, यात मी दोन दिवस घालवले. पत्र्याची जास्त पकडते, पण वाऱ्याने हलते, आणि बोटभर हलली तरी चित्र जाते. मी जन्मभर काटे बिनचूक केले आहेत. मला हलणारी वस्तू खपत नाही. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून जाळीची घेतली. डिशवाला म्हणाला, "काका, मुलगी बघायला गेला होतात तेव्हा एवढा वेळ लावला नसेल." मी म्हणालो, नव्हताच लावला, आणि तरी बरोबर निघाली.

डिश पानगळीत बसवली. झाड तेव्हा उघडे होते. चित्र स्वच्छ आले. बातम्या देणाऱ्या बाईने नमस्कार केला, तर पत्नीने तिला उत्तर दिले आणि पुढे बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली. मला रडू आले. हेही लिहून घ्यावे.

त्या चॅनलवर रोज पाच वाजता लहान मुलांचा कार्यक्रम असतो. मी दुकानाचे शटर ओढून वही घेऊन पत्नीशेजारी बसतो. सहासष्टाव्या वर्षी बालवाडीत नाव घातले म्हणायचे. बोलू लागल्यापासून पत्नी रोज दुपारी, मी दुकानातून वर गेलो की, एकच वाक्य म्हणायची. मी पाणी द्यायचो. ती मान हलवायची. मग गोळी द्यायचो, मग शाल. कित्येकदा चिडलो, आवाज चढवला. कार्यक्रमाच्या एकविसाव्या दिवशी एक आजी शाळेतून आलेल्या नातीला तेच वाक्य म्हणाली आणि तिच्यापुढे ताट सरकवले. पत्नी मला "जेवलास का?" विचारत होती. चार महिने विचारत होती. जन्मभर तिने मला अहो-जाहो केले, पण नातीला कोणी अहो-जाहो करत नाही. म्हणजे तिच्या भाषेत ती मला अरे-तुरे करते. मला ते फार आवडले.

पंधरा दिवसांनी झाडाला पालवी फुटली. आधी चित्राचे चौकोन पडू लागले, मग पडदा काळा झाला. डिशवाल्याने वर चढून पाहिले. म्हणाला, "काका, डिश झकास आहे. आपण पानं हिशेबात धरायची विसरलो." जागा मी ठरवली होती, त्याचा दोष नाही. माझ्या छपरावर दुसरी जागा नाही. पत्नी पाच वाजता काळ्या पडद्यासमोर येऊन बसायची आणि माझ्याकडे बघायची. चार दिवस मी हे पाहिले. पाचव्या दिवशी करवत काढली.

मोठ्या बाईंना विचारायला हवे होते. विचारले असते तर कशासाठी, तेही सांगावे लागले असते. बायको काय बोलते ते मला कळत नाही, हे मी कोणाला सांगितले नव्हते. गल्लीत "जरा अशक्तपणा आहे" एवढेच सांगून वेळ मारून नेत होतो. झाड त्यांच्या दिवंगत यजमानांनी लावलेले आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून कापले, याची मला लाज वाटते. तिसरी फांदी पडली तेव्हा त्या फाटकात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "काटेवाले, खाली या, पडाल," एवढेच म्हणाल्या आणि रिक्षा करून इकडे आल्या.

करवत, शिडी व डिश मुद्देमाल म्हणून जमा केल्याचे मला मान्य आहे. करवत आणि शिडी खुशाल ठेवावी. डिशने गुन्हा केलेला नाही.

मोठ्या बाई हजर आहेत. माझे सांगणे त्यांनी बाकावर बसून ऐकले. तक्रार मागे घेता का, असे जमादारांनी विचारता त्या म्हणाल्या, "तक्रार राहू दे. झाड आमच्या यांनी लावलेलं होतं. दंड होईल तो होऊ दे." मग चष्मा पुसत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डिश माझ्या गच्चीवर लावा. तिथे झाड आड येत नाही. वायर भिंतीवरून घ्या. आणि ती वही मला दाखवा एकदा, अक्षर कसं आहे बघू." दंड मला मान्य आहे. गच्चीही मान्य आहे.

हा जबाब जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ऐकताना एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. घरी तसे व्हायला मला अजून वेळ लागेल, तरी डिश आज पाचच्या आत मिळावी.